बाळाचं मांडीचं हाड ‘मागे’ दाखवतंय म्हणजे नेमकं काय?

सोनोग्राफीचा रिपोर्ट डॉक्टरांच्या हाती पडण्याआधी बहुतेक घरांत तो घरचेच वाचून काढतात. एकाखाली एक ओळी, पुढे मिलिमीटर, त्यापुढे आठवडे आणि दिवस. बाकी सगळं २० आठवड्यांच्या आसपास, आणि ‘एफएल’च्या ओळीत मात्र १८ आठवडे ५ दिवस. मग मोबाइलवर शोधाशोध सुरू होते, आणि पाच मिनिटांत डाउन सिंड्रोम (एका जादा गुणसूत्रामुळे होणारा जन्मजात विकार), बुटकेपणा, वाढ खुंटणं असे शब्द समोर येऊन उभे राहतात. डॉक्टरांची वेळ चार दिवसांनंतरची असते. तोवर त्या बाईच्या डोळ्याला डोळा लागत नाही, आणि सासर-माहेरचे फोन थांबत नाहीत.

हा लेख त्या चार दिवसांसाठी लिहिला आहे. डॉक्टरांचा सल्ला त्याने बदलायचा नाही. पण तो आकडा कुठून येतो, सुरुवातीच्या महिन्यांत तो किती भरवशाचा असतो आणि कधी त्याच्याकडे खरोखर लक्ष द्यायचं, हे कळलं तर डॉक्टरांशी बोलणं सोपं होतं.

## कोणतं हाड, आणि केव्हापासून दिसतं?

एफएल म्हणजे फीमर लेंग्थ, मांडीच्या हाडाची लांबी. शरीरातलं हे सर्वांत लांब हाड. ते पडद्यावर चटकन सापडतं आणि त्याची टोकं ओळखू येतात, म्हणून मोजमापासाठी तेच निवडलं गेलं. दंडाचं हाडही मोजता येतं, पण रोजच्या तपासणीत मान मांडीच्या हाडाचा.

बाळाचं हाड आधी कूर्चेचं, म्हणजे मऊ आणि लवचीक असतं. पाळीच्या तारखेपासून मोजलं तर नवव्या-दहाव्या आठवड्याच्या सुमारास मांडीच्या हाडाच्या मधल्या दांड्यात चुना, म्हणजे कॅल्शियम, भरायला लागतो आणि तो भाग टणक होतो. सोनोग्राफीत पांढरा चकाकतो तो हाच टणक दांडा. दोन्ही टोकांची कूर्चा तशी चकाकत नाही आणि मोजलीही जात नाही. त्यामुळे रिपोर्टमधली लांबी ही पूर्ण हाडाची लांबी नसतेच. बाराव्या आठवड्यात हा दांडा जेमतेम ८ मिलिमीटरचा असतो. चौदाव्या आठवड्यात सुमारे १४, विसाव्यात ३२-३३, आणि दिवस भरेपर्यंत सात-साडेसात सेंटिमीटर. चौथ्या-पाचव्या महिन्यात तो आठवड्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतो. हे ३ मिलिमीटर लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

## मिलिमीटरचे आठवडे कसे होतात?

सगळ्या घोळाचं मूळ इथे आहे. मशीनला बाळाच्या हाडाचं वय कळत नाही. त्याला फक्त लांबी कळते. मशीनमध्ये एक तक्ता भरलेला असतो: अमुक आठवड्याच्या बाळांची सरासरी लांबी अमुक. मशीन हा तक्ता उलटा वाचतं. तुमच्या बाळाचा दांडा २९ मिलिमीटर भरला, तर ज्या वयाच्या बाळांची सरासरी २९ आहे ते वय ते छापून मोकळं होतं. ‘१८ आठवडे ५ दिवस’चा अर्थ एवढाच. हाड तिथे अडकून पडलंय किंवा त्याची वाढ थांबलीय, असं त्यातून निघत नाही.

सरासरी म्हटलं की निम्मी बाळं तिच्या खाली असणारच. म्हणून डॉक्टर आठवड्यांपेक्षा पर्सेंटाइल बघतात. शाळेत प्रार्थनेला शंभर मुलं उंचीप्रमाणे रांगेत उभी केली, तर आपलं मूल पुढून कितवं येतं, तसा हा क्रमांक. रांगेत पहिली पाच मुलं असतातच, आणि त्यांना कुणी आजारी म्हणत नाही. पाचव्या पर्सेंटाइलच्या खाली असणं म्हणजे त्या पहिल्या पाचांत असणं. तपासणीत रेषा तिथे ओढली, तर शंभर धडधाकट बाळांमधली पाच त्या रेषेखाली सापडणार, हे रेषा ओढतानाच ठरलेलं असतं.

विसाव्या आठवड्यात नेहमीच्या बाळांची लांबी साधारण २९-३० ते ३६ मिलिमीटरच्या दरम्यान पसरलेली असते. म्हणजे एखादा आठवडा मागे असणं हे नेहमीच्या पसाऱ्यातलंच आहे. दोन आठवडे मागे असेल, तर ते रेषेखाली जातं आणि पुन्हा नीट बघायला हवं. रिपोर्टवर पर्सेंटाइल छापलेलं नसेल तर डॉक्टरांना सरळ विचारा. या दोन गोष्टींतला फरक न सांगता नुसते आठवडे छापून लोकांच्या हाती देणं मला योग्य वाटत नाही. बहुतेक घबराट त्यातूनच होते.

## ‘मशीनने मोजलंय, मग चूक कशी होईल?’

मशीन मोजतं, पण कुठून कुठपर्यंत मोजायचं हे माणूस ठरवतो. पडद्यावर दोन खुणा ठेवाव्या लागतात, दांड्याच्या एका टोकाला एक आणि दुसऱ्या टोकाला दुसरी. आणि त्या ठेवण्याआधी हाड पूर्ण दिसायला हवं.

सोनोग्राफीतलं चित्र हा बाळाचा एक पातळ छेद असतो. छेद हाडाच्या लांबीला तंतोतंत धरून गेला तरच पूर्ण दांडा दिसतो. जरा तिरका गेला तर हाडाचा एक तुकडा छेदाबाहेर राहतो आणि लांबी कमी भरते. म्हणजे तिरकेपणाची चूक कायम एकाच बाजूला झुकते, हाड आखूड दाखवण्याकडे. याउलट, टोकाशी कधी कधी दिसणारा बारीक काट्यासारखा भाग चुकून धरला तर लांबी जास्त भरते.

दुसरी अडचण ध्वनीची. शरीरात ध्वनी सेकंदाला १५४० मीटर वेगाने जातो असं धरून, प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागला त्यावरून मशीन खोली काढतं. त्यामुळे वर-खाली दिशेचं अंतर ते फार अचूक मोजतं. पण हाड स्पष्ट दिसण्यासाठी ते ध्वनीच्या झोताला आडवं असावं लागतं, म्हणजे त्याची लांबी पडद्यावर डावी-उजवीकडे पसरते. या आडव्या दिशेत अचूकता कमी, कारण झोताला स्वतःची रुंदी असते. टोकं किंचित धूसर होतात.

चांगला सोनोलॉजिस्ट म्हणून तेच हाड दोन-तीनदा मोजतो. तरीही एखाद्या मिलिमीटरचा फरक राहतोच. विसाव्या आठवड्यात ३३ मध्ये एक मिलिमीटर म्हणजे फारसं काही नाही. बाराव्या आठवड्यात ८ मध्ये एक मिलिमीटर म्हणजे आठवा हिस्सा. जेवढं लवकर मोजाल, तेवढा त्याच चुकीचा वाटा मोठा. बाळ पाय पोटाशी घेऊन बसलंय, आईच्या पोटावर चरबी जास्त आहे, आधीच्या सिझेरियनचा व्रण आड येतोय, या सगळ्याने आणखी भर पडते.

## आधी तारीख पक्की आहे का?

हाड मागे आहे की नाही हे कशाच्या मानाने ठरवायचं? गर्भाच्या वयाच्या मानाने. वयच चुकलं असेल तर सगळंच मागे दिसणार.

आपण दिवस मोजतो ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, २८० दिवस. या हिशेबात पाळी २८ दिवसांची असते असं गृहीत धरलेलं आहे. ज्या बाईची पाळी ३५-४० दिवसांनी येते तिचं बीज उशिरा सुटतं, म्हणून बाळ हिशेबापेक्षा आठवडा-दीड आठवडा लहान असतं. पीसीओडीमुळे ज्यांची पाळी लांबते, त्यांच्याबाबतीत हे नेहमी घडतं. काही जणींना तारीख आठवत नाही, काही जणी अंदाजे सांगतात.

यावर सर्वांत चांगला उपाय म्हणजे पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी. तिच्यात बाळाची डोक्यापासून बैठकीपर्यंतची लांबी मोजतात, तिला सीआरएल म्हणतात. ग्लासगोच्या ह्यू रॉबिन्सन यांनी १९७३ मध्ये ही पद्धत मांडली आणि आज जगभर तीच चालते. एवढ्या लवकर सगळी निरोगी बाळं जवळपास सारख्याच गतीने वाढतात. घराण्याची उंची, आईचा आहार यांचा फरक अजून दिसायला लागलेला नसतो. शिवाय ही लांबी रोज मिलिमीटरभर किंवा अधिक वाढते, त्यामुळे चार-पाच दिवसांचा फरकही तिच्यात उमटतो. सीआरएल ८४ मिलिमीटरच्या पुढे गेली की बाळ वाकतं, सरळ होतं आणि हे माप बिनभरवशाचं होतं. मग वय ठरवायला डोक्याचा घेर घेतात.

यातून एक उपयोगी गोष्ट निघते. डोकं, पोट, मांडी सगळंच सारखं दोन आठवडे मागे असेल आणि पहिल्या तिमाहीची सोनोग्राफी झालेलीच नसेल, तर पहिला संशय तारखेवर घ्यावा. डोकं आणि पोट बरोबर, एकटं हाड मागे, तर गोष्ट वेगळी. आणि सीआरएलवरून तारीख एकदा पक्की झाली असेल, तर नंतरच्या सोनोग्राफीतल्या हाडावरून ती पुढे ढकलू नये. असं केलं तर मागे पडलेलं बाळ कागदावर ‘बरोबर’ दिसायला लागतं, आणि जे लक्षात यायला हवं होतं तेच झाकलं जातं. दुर्दैवाने हे घडतं.

## मग सुरुवातीलाच हाड मोजून काही कळतं का?

११ ते १४ आठवड्यांमध्ये जी मोठी तपासणी होते तिला आपण एनटी स्कॅन म्हणतो, सीआरएल ४५ ते ८४ मिलिमीटर असताना केलेली. तिच्यात मानेमागच्या द्रवाची जाडी बघतात, हात-पाय चारही आहेत ना, त्यांचे तिन्ही भाग दिसतात ना ते बघतात, आणि नाकाचं हाड बघतात. या टप्प्यावर नाकाच्या हाडाची लांबी फारशी महत्त्वाची नाही, ते दिसतंय की नाही हे महत्त्वाचं. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये किप्रोस निकोलाइड्स यांच्या गटाने २००१ मध्ये दाखवलं, की डाउन सिंड्रोम असलेल्या बऱ्याच बाळांत ते या वयात दिसत नाही. निरोगी बाळांतही ते कधी कधी उशिरा दिसतं, आणि हे प्रमाण वेगवेगळ्या वंशांत वेगवेगळं आहे. आफ्रिकी-कॅरिबियन वंशाच्या बाळांत ते युरोपीय बाळांपेक्षा बरंच जास्त आढळलं. म्हणून तेवढ्यावर निकाल देत नाहीत, बाकीच्या खुणांशी जोडून हिशेब करतात.

मांडीच्या हाडाचं मात्र या वयात तसं नाही. डाउन सिंड्रोम असलेल्या बाळांचं हाड ११ ते १४ आठवड्यांत सरासरीने किंचित आखूड असतं, पण तो फरक इतका बारीक की निरोगी बाळांच्या पसाऱ्यात आणि मोजण्याच्या चुकीत तो बुडून जातो. एनटी स्कॅनच्या रिपोर्टवर एफएल दोन-चार दिवस मागे असेल तर त्यावरून काहीही ठरत नाही. फार लवकर दिसू शकतात ते काही तीव्र हाडांचे विकार: हात-पाय अगदी खुजे, वाकलेले, हाडांत चुना कमी. ते दिसायला मिलिमीटरचा काटेकोर हिशेब लागत नाही, अनुभवी डोळ्यांना ते चित्रातच दिसतं.

## ‘पण नेटवर तर डाउन सिंड्रोमचं लक्षण म्हणून दिलंय’

दिलंय, आणि त्याला इतिहास आहे. १९८०च्या दशकात बोस्टनच्या बेरिल बेनासेराफ यांनी पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत मानेमागची जाड त्वचा आणि आखूड मांडीचं हाड या खुणा मांडल्या. त्या काळी वयाखेरीज धोका ओळखायला फारसं काही हाती नव्हतं, म्हणून ते फार मोठं पाऊल होतं.

आज परिस्थिती बदलली आहे. एनटी आणि डबल मार्कर ही आईच्या रक्ताची तपासणी मिळून डाउन सिंड्रोमच्या दहापैकी साधारण नऊ बाळांचा सुगावा लागतो. आईच्या रक्तातल्या बाळाच्या डीएनएची तपासणी, म्हणजे एनआयपीटी, त्याहून अचूक आहे. या तपासण्या चांगल्या आल्या असतील आणि सविस्तर स्कॅनमध्ये दुसरं काही आढळलं नसेल, तर एकट्या आखूड हाडाने धोका फारसा हलत नाही. ते हाड, नाकाचं हाड, मानेमागची त्वचा, हृदयाची रचना अशा दोन-तीन गोष्टी एकत्र आल्या तर मात्र हिशेब बदलतो. आधीची कोणतीच तपासणी झालेली नसेल, तर एनआयपीटी किंवा गर्भजल तपासणी करायची का, याची चर्चा व्हायला हवी. गर्भजल तपासणी पंधराव्या आठवड्यानंतर करतात आणि तिच्यातून निदान पक्कं होतं. एनटी, डबल मार्कर, अगदी एनआयपीटीसुद्धा, फक्त धोका किती ते सांगतात.

## ‘आमच्याकडे सगळेच बुटके, हा तक्ता कुणाचा?’

फार योग्य प्रश्न. अनेक मशीनमध्ये हॅडलॉक यांचा तक्ता असतो. फ्रँक हॅडलॉक आणि सहकाऱ्यांनी तो १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या ह्यूस्टनमधल्या गोऱ्या, मध्यमवर्गीय गरोदर बायकांवरून बनवला. अकोल्यातल्या किंवा डहाणूतल्या बाळाला तो जसाच्या तसा का लावायचा?

याच प्रश्नावर इंटरग्रोथ-२१ हा आठ देशांतला अभ्यास झाला, आणि त्या आठ ठिकाणांत आपलं नागपूर होतं. निरोगी, नीट खाणाऱ्या, जोखीम कमी असलेल्या चार हजारांहून जास्त बायकांच्या बाळांची मापं चौदाव्या आठवड्यापासून दर पाच आठवड्यांनी घेतली. नागपूर, ऑक्सफर्ड, नैरोबी, बीजिंग, सगळीकडे पोषण आणि आरोग्य चांगलं असेल तर बाळांचा सांगाडा बराचसा सारखाच वाढतो, असं त्यातून दिसलं. २०१४ मध्ये त्याचे तक्ते आले. पण २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दहा देशांच्या अभ्यासातून, भारतही त्यात होता, देशादेशांतल्या बाळांच्या अंदाजित वजनात फरक दाखवला. म्हणजे तज्ज्ञांतही एकमत नाही.

घरच्यासाठी अर्थ असा: आई-वडील दोघेही कमी उंचीचे असतील तर थोडं आखूड हाड हे घराण्याचं असू शकतं, आणि डॉक्टरांना ते जरूर सांगावं. पण ‘आमच्यात सगळे असेच’ म्हणून पुढची तपासणी टाळू नये. कोणता तक्ता वापरला हे विचारा, आणि प्रत्येक वेळी तोच वापरला जातोय ना ते बघा. तक्ता बदलला की बाळ न बदलताही पर्सेंटाइल बदलतं.

## वारेचा प्रश्न

याबद्दल घराघरांत सर्वांत कमी बोललं जातं, आणि माझ्या मते सर्वांत जास्त बोलायला हवं. पाचव्या महिन्यात एकटं हाड आखूड आढळलेल्या बाळांपैकी काहींचं वजन पुढे कमी राहतं, कारण वार, म्हणजे बाळाला आईकडून पोषण पोचवणारा अवयव (प्लासेंटा), नीट काम करत नसते. बाळाला रक्त कमी मिळालं की ते मेंदूला आधी पुरवतं, हात-पाय मागे राहतात. अशा आईचा रक्तदाबही नंतर वाढू शकतो. म्हणून डॉक्टर गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांचा डॉपलर, म्हणजे त्यांतला रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी, करतात, तीनेक आठवड्यांनी वाढ पुन्हा बघतात, आणि दर भेटीला रक्तदाब घेतात. अशा वेळी भेटी चुकवणं महागात पडतं.

तंबाखूने बाळाची वाढ कमी होते, हे नीट सिद्ध झालेलं आहे. आपल्याकडे बायका सहसा सिगारेट ओढत नाहीत म्हणून हा प्रश्न विचारलाच जात नाही. पण मिश्री भाजलेल्या तंबाखूचीच असते, आणि ती लावणाऱ्या गरोदर बायका आजही आहेत. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा, आणि थांबवा.

कॅल्शियमच्या गोळ्या जास्त घेऊन हाड लांब होत नाही. गोळ्या सांगितल्या तेवढ्याच घ्या, लोहाच्या गोळीसोबत एका वेळी घेऊ नका. दूध-तूप वाढवल्याने किंवा पाय चेपल्यानेही बाळाच्या मांडीत फरक पडत नाही. आईने काही कमी खाल्लं म्हणून असं झालं, हा दोष तिच्या माथी मारणं तर ताबडतोब बंद व्हावं.

## खरी काळजी केव्हा?

लांबी रेषेच्या जरा खाली नसून खूपच खाली असेल, हाड वाकलेलं किंवा मोडल्यासारखं दिसत असेल, छाती अरुंद असेल, दंडाचं हाडही तितकंच आखूड असेल, तेव्हा हाडांच्या जनुकीय विकाराचा विचार होतो. अशा वेळी पावलाचीही लांबी मोजतात, कारण निरोगी बाळात पाऊल आणि मांडीचं हाड जवळपास सारख्याच लांबीचे असतात. दोन्ही छोटी असतील तर बाळच लहान चणीचं असण्याची शक्यता अधिक. पाऊल नेहमीसारखं आणि हाडच खुजं, तर संशय हाडावर. एरवी सोनोग्राफीत जवळच्या बाजूचं एकच हाड मोजतात. अशा वेळी दोन्ही मोजायलाच हवीत, कारण क्वचित एकाच पायाचं हाड अपुरं असतं.

उलट बाजूही सांगायला हवी. पाचव्या महिन्यात हाड नेहमीसारखं आलं म्हणजे हाडांचा कुठलाच विकार नाही, असं नसतं. अकाँड्रोप्लेझिया हा बुटकेपणाचा सर्वांत जास्त आढळणारा विकार. यात बुद्धी सहसा नेहमीसारखी असते. एफजीएफआर-३ या जनुकातल्या बदलामुळे तो होतो, आणि बहुतेक मुलांचे आई-वडील नेहमीच्या उंचीचे असतात. त्यात हाडाची वाढ साधारण चोविसाव्या आठवड्यानंतर मागे पडायला लागते, त्यामुळे विसाव्या आठवड्याच्या स्कॅनमध्ये ते हातून सुटलं तर तो डॉक्टरांचा निष्काळजीपणा नसतो.

या २४ आठवड्यांना गर्भपाताच्या कायद्यातही महत्त्व आहे. २०२१च्या दुरुस्तीनंतर गर्भात गंभीर व्यंग असेल तर २४ आठवड्यांनंतरही गर्भपाताला परवानगी मिळू शकते, पण निर्णय वैद्यकीय मंडळ देतं. म्हणून तीव्र विकाराचा संशय असेल तर दुसरं मत, जनुकीय सल्ला, तपासण्या यांत आठवडे घालवू नयेत. आणि संशय फक्त दोन मिलिमीटरचा असेल तर त्या घाईत कुणी गर्भपाताचा विषयही काढू नये.

## पुढच्या भेटीला जाताना

पहिल्या तीन महिन्यांतला रिपोर्ट, ज्यावर सीआरएल लिहिलेली आहे, सोबत न्या. तो हरवला असेल तर जिथे केला तिथून प्रत मागा. एनटी आणि डबल मार्करचा निकाल, आई-वडिलांची उंची, पाळी किती दिवसांनी येते, आधीच्या बाळाचं जन्मवजन, हे कागदावर लिहून ठेवा. विचारायचं असं: पर्सेंटाइल किती? तारीख कशावरून धरली? हाड दोनदा मोजलं का? आकार आणि बाकी अवयव कसे आहेत? डॉपलर लागेल का?

आणि पुन्हा मोजायला लगेच चार दिवसांनी दुसऱ्या सेंटरवर धावू नका. आठवड्याला ३ मिलिमीटर वाढ आणि मोजण्यात एक-दीड मिलिमीटरची चूक, अशा हिशेबात चार दिवसांनी आलेला आकडा वाढीचा की चुकीचा हे ओळखता येत नाही. डॉक्टरांनी तातडीने बोलावलं नसेल तर तीन आठवड्यांनी, शक्यतो त्याच ठिकाणी आणि त्याच तक्त्यावर मोजलेलं हाड वाढतंय की मागे पडतंय, ते स्पष्ट दिसतं.